पान ७१ चा हिशेब : आमच्या कंपनीच्या संचालक मंडळास खुले पत्र

बडोदे, १८ सप्टेंबर २०२४

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ, तसेच नामांकन व मोबदला समितीचे तिन्ही सभासद यांस,

विषय : व्यवस्थापकीय संचालकांचा (एम.डी. साहेबांचा) मोबदला आणि ठेकेदाराच्या माणसांचा कापलेला रोज.

स. न. वि. वि.

कंपनीचे नाव मी लिहीत नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) तिचे फाटक कुठल्या रंगाचे आहे तेही लिहीत नाही. तुम्हाला कळेल, आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांना तर तुमच्या आधी कळेल. पत्र मराठीत लिहिण्याचे कारण एवढेच की यापूर्वी इंग्रजीत दोन पत्रे पाठवली. दोन्हींना एका ओळीची पोच आली, ‘युवर कन्सर्न इज नोटेड’. नोंद कुठल्या वहीत झाली ते काही कळले नाही. तुमच्यातले दोघे घरी मराठी बोलतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवावे.

मी ३१ वर्षे आपल्या टाइम ऑफिसात होतो. पंचिंग कार्ड होते तेव्हापासून बोट टेकवायचे यंत्र आले तोवर. २०१७ मध्ये निवृत्त झालो. कंपनीचे शेअर बाजारात आले तेव्हा कामगारांच्या कोट्यातून ६० शेअर घेतले होते, ते अजून विकलेले नाहीत. म्हणजे दरवर्षी वार्षिक अहवाल मला येतो आणि दुपारी जेवण झाल्यावर तो मी वाचतो. बायको म्हणते, पोथी वाचावी तसे वाचता. खरे आहे. हजेरी मांडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आकड्यांची रांग दिसली की मधला कोण सुटला ते आधी दिसते.

या पत्रातले कंपनीचे आकडे तुम्हीच छापलेल्या अहवालातले आणि एका पगार स्लिपेतले आहेत. नोकरीत असताना जे कागद हाताखालून गेले त्यांतले काही मी बाहेर काढणार नाही. एकच गोष्ट सांगणार आहे, पण ती माझी स्वतःची आहे. पुढे येईल.

तर २७ तारखेला सकाळी ११ वाजता व्हिडिओवर सर्वसाधारण सभा आहे. विषय क्रमांक ६ : एम.डी. साहेबांची आणखी ५ वर्षांसाठी फेरनियुक्ती आणि त्यांचा सुधारित मोबदला. सोबतच्या टिपणात लिहिले आहे की मोबदला कायद्याच्या मर्यादेत आहे. आहेच. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १९७ म्हणते, सगळ्या संचालकांचे मिळून निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंत, आणि एकच एम.डी. असेल तर त्याला ५ टक्क्यांपर्यंत. हे ११ टक्के १९५६ च्या कायद्यातही होते. पूर्वी त्यापुढे जायचे तर दिल्लीची परवानगी लागे, २०१८ पासून भागधारकांनी विशेष ठराव केला की झाले. पण या कायद्याची फूटपट्टी पाहिलीत का? ती साहेबांचा पगार नफ्याशी मोजते. कुणाच्या पगाराशी मोजत नाही.

कुणाच्या पगाराशी मोजण्याचे काम त्याच कलमाच्या १२ व्या पोटकलमात आहे, आणि ते आपल्या अहवालात पान ७१ वर छापले आहे. सगळ्या कामगार-कर्मचाऱ्यांना पगाराप्रमाणे एका रांगेत उभे करायचे, बरोबर मधल्याचा पगार घ्यायचा, आणि प्रत्येक संचालक त्याच्या किती पट घेतो ते सांगायचे. अमेरिकेतल्या कंपन्यांना असा आकडा २०१८ पासून छापावा लागला. आपल्याकडे २०१४ चे नियम आहेत. या बाबतीत आपण पुढे होतो, हे मला उगाच आवडते.

पान ७१ : एम.डी. साहेबांचा २०२३-२४ चा मोबदला ९ कोटी १२ लाख. मधल्या माणसाचा पगार ४ लाख ८० हजार. प्रमाण १९० पट. साहेबांची वाढ २२ टक्के, मधल्या माणसाची ६ टक्क्यांच्या थोडी वर. वाढीचे कारणही कायद्याने द्यावे लागते. ते तुम्ही दिले आहे, की याच उद्योगातल्या तोलामोलाच्या कंपन्यांत काय देतात ते पाहून ठरवले.

काल विसर्जन झाले म्हणून सुचते. आमच्या भागात शेजारच्या मंडळाचा गणपती ९ फुटी असला की यांना १० फुटी हवा. पुढच्या वर्षी ते ११ करतात. कुणीच ‘आमचा सगळ्यांत मोठा’ म्हणत नाही, प्रत्येक जण म्हणतो, ‘शेजाऱ्यांपेक्षा कमी दिसायला नको’. शेवटी विजेच्या तारा आडव्या येतात आणि पोलिसांना उंचीचा जाहीरनामा काढावा लागतो. तुमच्या समितीचा तक्ता असाच आहे. बारा कंपन्यांचे एम.डी. घ्यायचे, आपला त्यांच्या मधल्यापेक्षा थोडा वर ठेवायचा. बाकीच्या अकरा समित्याही त्याच टेबलाशी बसून तेच करतात. मधला दरवर्षी वर सरकतो आणि कुणी वर ढकलला ते कुणालाच सांगता येत नाही. वेल्डरसाठी असा तक्ता कुणी मांडल्याचे मी ३१ वर्षांत पाहिले नाही. वेल्डरसाठी एकच तक्ता असतो, तो गांधीनगरहून येतो, आणि त्याचे नाव किमान वेतन.

आता जरा पाने उलटा. पान ११८. मोठ्या हजार कंपन्यांना जबाबदार व्यवसायाचा तो लांबलचक तक्ता भरावा लागतो. त्यात माणसांची मोजणी आहे. कायम : ६४०. त्याखाली दुसरी ओळ, ‘अदर दॅन परमनंट’ : १,०८५.

एकाच पुस्तकात ४७ पानांच्या अंतरावर या दोन गोष्टी आहेत. पान ७१ ची रांग ६४० माणसांची आहे. उरलेले १,०८५ त्या रांगेत उभेच केलेले नाहीत, कारण ते कंपनीच्या पटावर नाहीत, ठेकेदाराच्या पटावर आहेत. आपण त्यांना उभे करू. एकूण १,७२५. मधला माणूस ८६३ वा. कॉन्ट्रॅक्टवाले सगळे कायमवाल्यांच्या खालच्या पगारावर, तेव्हा खालून मोजत गेलात की ८६३ वा त्यांच्यातलाच निघतो. तो आमच्या ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टवरच्या वेल्डरसारखा धरा. रोज ५२० रुपये, २६ दिवस, १२ महिने. वर्षाचे १ लाख ६२ हजार २४०. आता भागाकार करा. १९० चे ५६२ होतात.

हेही सांगतो की ५२० हा रोज बेकायदा नाही. गुजरात सरकारने २०२३ मध्ये किमान वेतन वाढवले तेव्हा शहरी हद्दीत कुशल कामगाराचा मूळ रोज ४७४ रुपये झाला, वर महागाईप्रमाणे भत्ता. आपला ठेकेदार त्याच्या थोडा वरच देतो. कागद तुमचे नेहमी स्वच्छ असतात. मीच कितीतरी वर्षे स्वच्छ ठेवत होतो.

आता ऑगस्ट महिन्याकडे येतो, कारण हे पत्र त्यामुळे लिहिले जात आहे. एरवी मी दरवर्षीसारखा अहवाल वाचून रद्दीत टाकला असता.

२६ ऑगस्टला जन्माष्टमी होती. पाऊस थांबेना, आजवा धरणाचे पाणी सुटले, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. बडोद्यात जे राहतात त्यांना पुढचे सांगायला नको. तळमजले बुडाले, रस्त्यांवर मगरी फिरल्या, लष्कर आले. आपल्या कारखान्याच्या मागच्या अंगाला कमरेएवढे पाणी होते आणि २८ तारखेला सबस्टेशनमध्ये पाणी शिरल्यामुळे फाटकाला कुलूपच होते. कायमवाल्यांसाठी २ सप्टेंबरला बोर्डावर नोटीस लागली, की २७, २८ आणि २९ हे तीन दिवस ‘कंपनीच्या पटावरील सर्व कर्मचाऱ्यांना’ विशेष भरपगारी रजा. चांगले केलेत. युनियनने मागितले, तुम्ही दिले, वाद झाला नाही.

गणपतीत माझ्याकडे आरतीला दरवर्षी पाच-सहा जण येतात. जळगाव-धुळ्याकडची पोरे, वडसरला खोल्या करून राहतात. यंदा त्यांच्यातला एकच आला, आपला वेल्डर. बाकीचे घरातला चिखल उपसत होते. आरती झाली, मोदक घेतला, आणि खिशातून चार घड्यांची पगार स्लिप काढून माझ्यापुढे धरली. “काका, तुम्हाला हे वाचता येतं. बघा बरं काय काय कापलंय.”

चष्मा लावून वाचली. गैरहजर दिवस ३, कपात १,५६० रुपये. त्याखाली ‘हाजरी भत्ता’ या रकान्यात शून्य. हा भत्ता महिन्याला ७५० रुपये असतो आणि एक जरी खाडा झाला तरी सगळा जातो. म्हणजे गेले २,३१० रुपये. घरातली गादी, गहू, मुलाची वह्या-पुस्तके आणि गॅसची शेगडी पाण्यात गेली त्याच महिन्यात.

मी त्याला जे सांगितले ते मला आवडले नाही. म्हणालो, काम नाही तर दाम नाही, नियम असा आहे. त्याने स्लिप परत घडी करून खिशात ठेवली. “२८ ला तर फाटक बंद होतं, काका. मी आलो असतो तरी आत कोण घेणार होतं? आणि पाणी काय मी आणलं होतं?”

मला याचे उत्तर येत नाही. तुम्हाला येत असेल तर २७ तारखेला द्यावे.

त्या तीन दिवसांत साहेबांचे काय झाले हेही अहवालावरून काढता येते. ९ कोटी १२ लाख भागिले ३६५, म्हणजे दिवसाला सुमारे अडीच लाख. तीन दिवसांचे साडेसात लाख. ते कापावेत असे मी म्हणत नाही. पगारी माणसाचा पूर आला म्हणून पगार कापू नये, हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे, आणि साहेबही पगारी माणूसच आहेत. मला तेच तत्त्व फाटकाच्या दुसऱ्या रांगेतही लागू झालेले बघायचे आहे. १,०८५ जणांचे प्रत्येकी २,३१० धरले तरी २५ लाख ६ हजार होतात. हेल्परांचा रोज कमी आहे, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून कमीच. साहेबांचा दहा दिवसांचा पगार. एवढ्याशा पैशासाठी हा सगळा प्रकार.

साहेबांशी माझे काही वैर नाही. त्यांना मी दोनदा पाहिले आहे. २०२० नंतर त्यांनी ऑर्डर आणल्या, जुने पत्र्याचे शेड पाडून नवे बांधले, आणि मी तुमच्याकडून जो लाभांश घेतो तो त्यांच्या काळात वाढला. काम जाणणारा माणूस आहे असे वेल्डरही म्हणतो. पण फेरनियुक्तीच्या टिपणात मोबदल्याखेरीज ज्या सवलती लिहिल्या आहेत त्या वाचताना मी दोनदा थांबलो. सजवलेले घर किंवा घरभाडे. ड्रायव्हरसह दोन गाड्या. क्लबची वर्गणी. कुटुंबाचा दवाखाना, देशात आणि परदेशात. वर्षातून एकदा सहकुटुंब प्रवास. पुढे : ‘गॅस, वीज आणि पाणी’.

पाणीसुद्धा! हे प्रत्येक कंपनीच्या करारात असते, ठरलेला मजकूर आहे, वकील एकमेकांचा उतरवून घेतात. तरी यंदाच्या ऑगस्टनंतर वाचताना हसू आले. कॉन्ट्रॅक्टच्या शेडमधला कूलर मार्चपासून बंद आहे आणि ती पोरे घरून बाटली आणतात, हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत असेल?

या सवलतींत आणखी एक खुबी आहे, ती सामान्य माणसाला माहीत नसते. रोख नसलेल्या सवलतीवर कर लागतो, पण तो कर कंपनीने स्वतः भरला तर भरलेला कर साहेबांच्या उत्पन्नात धरत नाहीत. प्राप्तिकराच्या कायद्यात कलम १० मध्ये तशी सोय आहे. घरही कंपनीचे, घरावरचा करही कंपनीचा. वेल्डरच्या स्लिपेवर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का आणि पीएफचे १२ टक्के त्याच्याच रोजातून जातात. ते जावेत, त्याच्याच कामाला येतात. मी फक्त रकाने शेजारी शेजारी ठेवून दाखवतो.

आणि ते घर अकोट्याच्या बाजूला आहे. २७ तारखेला तिथे पाणी चढू लागले तेव्हा आपल्या यार्डातला ट्रॅक्टर तिकडे गेला आणि दोन्ही गाड्या ओढून उंचावर आणल्या. ट्रॅक्टरबरोबर सहा जण गेले होते, सहाही कॉन्ट्रॅक्टचे. साहेब तेव्हा मुंबईत होते, त्यांनी सांगितले असेल असे मला वाटत नाही. कुणीतरी साहेबांना खूश करायला निघाले असणार, असे लोक प्रत्येक कारखान्यात असतात. त्या सहा जणांची त्या दिवसाची हजेरी लागली का, हे मी टाइम ऑफिसात तीनदा विचारले. फाटकावर बोट टेकले नसेल तर सिस्टिममध्ये येत नाही, असे उत्तर मिळाले. माझ्या वेळी मस्टरवर पेनने लिहिता येई. सिस्टिमला पेन नसते.

माझी स्वतःची म्हणून जी गोष्ट म्हणालो, ती आता सांगतो. ठेकेदाराच्या माणसांना पगार वाटताना मूळ कंपनीचा प्रतिनिधी हजर पाहिजे, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आहे. कलम २१. ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो मूळ कंपनीने द्यायचा, हेही त्याच कलमात. म्हणजे ती माणसे आपली नाहीत असे कायदाही पूर्णपणे म्हणत नाही. आपल्या कंपनीतर्फे तो प्रतिनिधी बरीच वर्षे मी होतो. महिन्याच्या ७ तारखेच्या आसपास कॅन्टीनच्या मागच्या ओट्यावर ठेकेदार पाकिटे वाटे, मी खुर्चीवर बसे, आणि शेवटी रजिस्टरवर सही करी, की वरील रकमा माझ्यासमोर दिल्या गेल्या. दिल्या जातच होत्या. पण काही पाकिटे ओट्यावर दिली जात आणि सायकल स्टँडपाशी त्यातले शे-दोनशे परत घेतले जात. सायकल स्टँड मला खुर्चीवरून दिसत नसे. खुर्ची जरा डावीकडे सरकवली असती तर दिसला असता. मी सरकवली नाही. आता पगार बँकेत जातो, ते प्रकार पुष्कळ कमी झाले, बरे झाले. तुम्हाला दोष देण्याआधी हे सांगणे भाग होते.

त्याच रजिस्टरांत आणखी एक गोष्ट होती. ठेकेदाराचे नाव दर तीन-चार वर्षांनी बदले. माणसे तीच, मशीन तेच, सुपरवायझर तोच, पिवळ्या पट्टीचे ओळखपत्रही तेच, वरचे नाव तेवढे नवीन. आपला वेल्डर ११ वर्षे एकाच बेंचवर आहे आणि या ११ वर्षांत त्याचे तीन मालक झाले. एकाकडेही सलग ५ वर्षे भरली नाहीत. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याला सलग ५ वर्षे लागतात. हिशेब सोपा आहे, तो मी झोपेतही करतो. महिन्याचे १३,५२० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षामागे ७,८००. अकरा वर्षांचे ८५,८०० रुपये. त्याच्या नावावर आज शून्य आहे. साहेबांच्या करारात ग्रॅच्युइटीचे कलम स्वतंत्र आहे, आणि पुढच्या मार्चमध्ये पहिली ५ वर्षे भरतात. त्यांचा ठेकेदार बदलत नाही.

सभेत कुणीतरी उठून म्हणेल, मोठमोठे उद्योगपतीसुद्धा पगार मर्यादेत ठेवतात, मुकेश अंबानींनी २००८-०९ पासून १५ कोटींवर थांबवला आणि २०२०-२१ पासून तर घेतच नाहीत. त्याचा इथे काही उपयोग नाही. ते मालक आहेत, त्यांना लाभांश आहे. आपले साहेब नोकरीतले आहेत, त्यांनी पगार घ्यायलाच हवा. मला शून्य पगाराचा एम.डी. नको आहे. तसला त्याग आमच्यासारख्यांना नेहमी महाग पडतो, पुढे तो कामगारांकडून मागितला जातो.

मला हिशेब कुठे मांडला जातो त्याची चिंता आहे. नफा-तोट्याच्या पत्रकात साहेबांचे ९ कोटी ‘एम्प्लॉयी बेनिफिट’ या ओळीत आहेत, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च. वेल्डरचा रोज त्या ओळीत नाही. तो ‘इतर खर्च’ या ओळीखाली ‘लेबर चार्जेस’ म्हणून आहे. त्याच्या वर वीज आणि इंधन, खाली पॅकिंगचे सामान. मी हे पान आमच्या वेल्डरला दाखवले नाही. दाखवायला नको वाटले.

माझे आजोबा गायकवाडांच्या राजवटीत खानगी खात्यात कारकून होते. राजवाड्याचा खर्च या खात्यात आणि राज्याचा खर्च वेगळा, अशी पद्धत होती. वाड्यातल्या दिव्यांचे बिलसुद्धा खानगीत पडे, असे आजोबा सांगत, आणि चुकून राज्याच्या खात्यात टाकले तर वरून विचारणा होई. तुम्ही म्हणाल, राजे होते, पैसा त्यांचाच. सगळे राजे सारखे नव्हते. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवून घेतल्या. १८७५ मध्ये त्यांची गादी गेली ती निव्वळ तोफांमुळे नव्हे, पण आजही बडोद्यातल्या म्हाताऱ्यांना मल्हारराव म्हटले की आधी तोफा आठवतात. त्यांच्यामागून आलेल्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्यांचे नाव काढले की लोकांना शाळा आठवते, तंत्रशिक्षणाचे कलाभवन आठवते. आपल्या टूलरूममधल्या पहिल्या पिढीतले कितीतरी हात कलाभवनाच्या परंपरेत तयार झाले होते, हे जुन्या लोकांना विचारा. असो, म्हातारा माणूस संस्थानावर गेला की लांबण लागते.

मागणे काय, ते सरळ सांगतो. ते तीन दिवस आणि हाजरी भत्ता कॉन्ट्रॅक्टच्या माणसांना दिवाळीच्या आत द्या. ठेकेदार देत नसेल तर त्याच्या बिलात घालून द्या, रस्ता तुमच्या अकाउंट्सवाल्यांना माहीत आहे. ते दिवस हजेरीत धरून द्या, कारण काम केलेल्या दिवसांवर बोनस निघतो आणि हे तीन खाडे पुढच्या वर्षीच्या बोनसमध्येही उतरतील. आधीच त्यांचा बोनस म्हणजे कायद्याने ठरवलेले ८.३३ टक्के, एक महिन्याचा किमान पगार. कायद्यात जास्तीत जास्त २० टक्के देता येतात, पण ती मर्यादा आपल्याकडे कुणी दुरूनही पाहिलेली नाही. साहेबांच्या कमिशनचे कलम वाचले तर नफा वाढेल तसे ते वाढते. मग नफ्याच्या वर्षी बोनस ८.३३ वरच का थांबतो, हा प्रश्न समितीने निदान एकदा टेबलावर घ्यावा.

पुढच्या वर्षी पान ७१ वर १९० छापाल तेव्हा त्याच्याखाली दुसरा आकडाही छापा, सगळ्या १,७२५ जणांना धरून. कायदा तसे सांगत नाही हे मला माहीत आहे. कायदा मनाईही करत नाही. आणि ठेकेदार बदलताना नव्या करारात एक ओळ घाला, की माणसाची मागची वर्षे पुढे धरली जातील. या एका ओळीला साहेबांच्या करारातल्या ‘गॅस, वीज आणि पाणी’ याहून जास्त जागा लागणार नाही. कूलरचे मी लिहीत बसत नाही, तो एक मेकॅनिक अर्ध्या दिवसात दुरुस्त करील.

विषय ६ वर मी विरोधात मत देणार आहे. माझ्या ६० शेअरनी काही अडणार नाही. प्रवर्तकांकडे एवढे शेअर आहेत की ठराव आमच्याशिवायही आरामात पास होईल, आणि होऊ दे. पण गेल्या वर्षीसारखे करू नका. बोलण्यासाठी मी मुदतीत नाव नोंदवले आहे, प्रत्येकाला तीन मिनिटे असतात, आणि गेल्या वर्षी माझा आवाज दुसऱ्या मिनिटालाच बंद झाला. मी पाच मिनिटे एकटाच बोलत राहिलो, नात येऊन म्हणाली, आजोबा, तुम्ही म्यूटवर आहात. यंदा मी पाठ करून तीन मिनिटांत बसवले आहे. पितृपक्ष लागला आहे, कुणाला वाईट बोलायचे नाही असे घरून बजावणे आहे. तेव्हा फक्त आकडे बोलेन.

वेल्डरला मी या पत्राविषयी सांगितले आहे. त्याने एकच विचारले, की माझे नाव येणार नाही ना. नाही येणार.

आपला,
टाइम ऑफिसातला जुना माणूस
(६० शेअर)

सोबत : ऑगस्ट २०२४ च्या पगार स्लिपेची झेरॉक्स, नाव आणि नंबर खोडून.